मुलाच्या नावाने आलेली मतपत्रिका आणि कॅम्पचा बाँड

सांजवात | ७ ऑक्टोबर, रात्री ९:५०

नमस्कार मंडळी. एरवी मी नुसती वाचते, पण आज लिहिल्याशिवाय राहवत नाहीये.

काल टपालात आमच्या घरी चार मतपत्रिका आल्या. माझी, नवऱ्याची, लेकीची आणि पहिल्यांदाच मुलाची. तो ऑगस्टमध्ये १८ वर्षांचा झाला. त्याला सेरेब्रल पाल्सी आहे. व्हीलचेअर वापरतो, तोंडाने बोलत नाही, टॅबलेटवरच्या चित्रांना हात लावून बोलतो. त्या टॅबलेटमध्ये मराठी नाही, म्हणून 'आजी', 'पुरे', 'भूक लागली', 'नको ना' असे शब्द मी माझ्या आवाजात भरून ठेवलेत. पाकीट मी त्याच्या ट्रेवर ठेवलं. स्वतःचं नाव त्याला वाचता येतं. बराच वेळ नावावरून बोट फिरवत बसला होता.

आणि त्याच मतपत्रिकेच्या पार तळाशी, पाणी मंडळाच्या उमेदवारांच्याही खाली, त्याचा कॅम्प आहे.

आम्ही कॅलिफोर्नियात, बे एरियापासून (सॅन फ्रान्सिस्कोच्या आसपासचा भाग) दोन-अडीच तासांवर राहतो. इथे काउंटीच्या (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखं) मालकीच्या एका डोंगराळ पार्कात अपंग मुलामोठ्यांचा उन्हाळी कॅम्प चालायचा. जागा काउंटीची, कॅम्प चालवणारी एक ना-नफा संस्था, भाडेपट्ट्यावर. माझा मुलगा १२ व्या वर्षापासून तिथे जात होता. वर्षातले सहा दिवस, पाच रात्री. तेवढ्याच रात्री मी आणि नवरा सलग झोपायचो, कारण एरवी त्याची कूस बदलायला आम्ही पाळीपाळीने उठतो. पण झोपेचं सोडा. तिथून तो आला की पहिले दोन दिवस आमच्यावर चिडलेला असायचा. घरी आल्याबद्दल! पहिल्या वर्षी मला वाईट वाटलं होतं. मग कळलं की कुठल्याही मुलाला सहलीवरून आल्यावर असंच होतं, आमच्याकडे ते पहिल्यांदा झालं होतं इतकंच.

गेले दोन उन्हाळे कॅम्प बंद आहे. केबिन्स साठ-सत्तर वर्षांपूर्वीच्या, लाकूड कुजलेलं, सांडपाण्याची टाकी निकामी. तपासणीत नापास झाल्या. पण त्या चालू होत्या तेव्हाही कशा होत्या ते सांगते. एका वर्षी सोडायला गेले असताना त्याचे कपडे बदलावे लागले. बाथरूममध्ये व्हीलचेअर जेमतेम शिरली, दार लागेना. बदलण्यासाठी टेबल होतं ते तान्ह्या बाळांचं, भिंतीवर घडी होणारं. माझं बाळ तेव्हा ४५ किलोंचं होतं. मग ओल्या फरशीवर दोन टॉवेल अंथरून त्याला झोपवलं आणि कॅम्पमधल्या एका मदतनीस (कौन्सेलर) मुलीने स्वतःचं जॅकेट दारापाशी धरून आडोसा केला. त्याने डोळे घट्ट मिटून घेतले होते. टॅबलेट चाकाला अडकवलेला होता, हात पोचत नव्हता, म्हणजे त्याला 'पुरे' म्हणायचीही सोय नव्हती.

आता काउंटीने पार्क्सचा बाँड मतदानाला ठेवलाय आणि त्यातला सर्वांत मोठा हिस्सा या कॅम्पचा आहे: नव्या केबिन्स, रुंद दारं, मोठ्या माणसांसाठी वरखाली होणारी चेंजिंग टेबल्स, छतावरच्या रुळावर चालणारी लिफ्ट, तलावापर्यंत पक्की वाट, नवीन सांडपाणी यंत्रणा.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: बाँड म्हणजे लोकांना विचारून काढलेलं कर्ज. फेड घरपट्टीतून, बहुतेक वेळा पंचवीस-तीस वर्षं. आणि इथे मेख अशी की शाळांच्या बाँडला २००० सालच्या प्रपोझिशन ३९ मुळे (प्रपोझिशन म्हणजे राज्यभर थेट लोकांच्या मताला टाकलेला प्रस्ताव) ५५ टक्के मतं पुरतात, पण काउंटीच्या अशा बाँडला दोन तृतीयांश लागतात. शंभरात पासष्ट जण 'हो' म्हणाले तरी पडतो.

या काउंटीत बरीच मराठी घरं आहेत. मंडळाच्या गणपतीला दरवर्षी दिसतात. त्यांतल्या किती जणांनी मतपत्रिका मागच्या पानापर्यंत उलटली असेल, याचा विचार करतेय. तुम्ही अशा बाँडना कसं मत देता? 'नाही' म्हणणार असाल तर का? मला खरोखर ऐकायचंय.

पिंपळपान | ७ ऑक्टोबर, रात्री १०:२५

सांजवात, तो फरशीचा प्रसंग वाचून थांबले. पुढचं दोनदा वाचावं लागलं.

मी सॅक्रामेंटोकडची, त्यामुळे तुमच्या बाँडवर मत देता येणार नाही. पण खरं सांगते, मी स्वतः गेल्या तीन निवडणुकांत मागचं पान कोरं सोडलंय. राष्ट्राध्यक्ष, सिनेट, काँग्रेस झालं की पाकीट बंद. वाटायचं, आपल्याला कळत नाही तर उगाच कशाला खूण करा. कोरं सोडलं तर ते 'नाही' मध्ये धरतात का?

सांजवात | ७ ऑक्टोबर, रात्री १०:४०

नाही. त्या प्रश्नावर जेवढी मतं पडली त्यांचे दोन तृतीयांश. कोरं असेल तर तुम्ही मोजणीतच नाही. म्हणजे ज्यांनी पान उलटलं तेच ठरवतात.

घाटमाथा | ८ ऑक्टोबर, सकाळी ७:१५

ताई, मी तुमच्याच काउंटीत राहतो, म्हणून लिहितो. राग मानू नका. तुमच्या मुलाला जे सोसावं लागलं ते कुणाच्याही वाट्याला येऊ नये. तरीही माझं मत आज तरी 'नाही' कडे झुकलंय. कारणं मांडतो.

आम्ही घर घेतलं २०२१ मध्ये, भाव चढलेले असताना. शेजारचे आजोबा त्याच आकाराच्या घरात ऐंशीच्या दशकापासून राहतात. प्रपोझिशन १३ मुळे कराच्या हिशोबातली किंमत घर विकलं जाईपर्यंत वर्षाला फार तर २ टक्के वाढते. त्यांची घरपट्टी माझ्या सहाव्या हिश्शाएवढीही नाही. बाँडची फेडही त्याच किमतीच्या प्रमाणात. म्हणजे रस्ता, शाळा, पार्क सगळे वापरतात आणि जास्त बोजा उशिरा आलेल्यांवर. आपली बहुतेक मंडळी उशिरा आलेलीच. माझ्या बिलावर आधीच शाळेचे दोन, कॉलेजचा एक आणि हॉस्पिटल डिस्ट्रिक्टचा एक असे बाँड आहेत.

दुसरं, व्याज. मतदार पुस्तिकेत टॅक्स रेट स्टेटमेंट (बाँडमुळे घरपट्टी किती वाढेल याचा अंदाज) असतं ते जरूर वाचा. मुद्दल आणि व्याज मिळून फेड मुद्दलाच्या पावणेदोन पट दिसते. देणगीतून का नाही उभं राहत? एवढ्या कंपन्या आहेत या भागात.

तिसरं, आणि हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं: बांधून झालं तरी चालवणार कोण? अशा बाँडचा पैसा राज्यघटनेप्रमाणे फक्त जागा घेणं आणि बांधकाम-सुधारणा यांवरच खर्चता येतो. कौन्सेलरचा, नर्सचा पगार त्यातून देता येत नाही. उद्या सुंदर केबिन्स बांधून कुलूप लागलं तर?

अंजिरी | ८ ऑक्टोबर, सकाळी ९:०५

घाटमाथा यांच्या तिसऱ्या मुद्द्याला माझ्याकडे थोडं उत्तर आहे, कारण माझी धाकटी ऑटिस्टिक आहे आणि मी या कागदपत्रांत दहा वर्षं बुडालेली आहे.

कॅलिफोर्नियात १९६९ पासून लँटरमन कायदा आहे. विकासात्मक अपंगत्व असलेल्या माणसाला सेवा मिळणं हा हक्क, मेहरबानी नाही. त्यासाठी राज्यभर २१ रीजनल सेंटर्स आहेत. पूर्वी ती कॅम्पची फी भरायची. २००९ मध्ये मंदीत राज्याची तिजोरी आटली आणि कॅम्प, पोहणं, कला, खेळ या सगळ्याचा पैसा थांबवला. 'तात्पुरता'. तो तात्पुरता २०२१ पर्यंत चालला! बारा वर्षं. माझ्या मुलीचं सगळं बालपण त्यात गेलं. या काळात कॅम्प ज्यांना परवडला त्यांच्यासाठीच होता, नाहीतर देणगीतल्या जागेवर नंबर लागेपर्यंत थांबायचं.

आता तो पैसा परत सुरू झालाय. म्हणजे फीचा स्रोत आहे, चालवण्याचा खर्च निदान काही अंशी निघू शकतो. अडचण उलटी झालीय: आयपीपीमध्ये (रीजनल सेंटरने प्रत्येकासाठी केलेला सेवांचा लेखी आराखडा) कॅम्प मंजूर होतो आणि पाठवायला जागाच नसते. ऑगस्ट २०२० च्या सीझेडयू नावाच्या वणव्यात बोल्डर क्रीकचा अपंगांसाठीचा कॅम्प क्रेम जळाला. वणव्यांनंतर अशा डोंगरातल्या जागांचा विमा काढणंच मुश्कील होऊन बसलंय. देणगीचं म्हणाल, तर आमच्या अनुभवात कंपन्या एका मुलाची फी आनंदाने देतात, फोटोही येतो. सांडपाण्याच्या टाकीला देणगीदार मिळत नाही.

ज्यांची मुलं रीजनल सेंटरची क्लायंट आहेत त्यांना कळकळीने सांगते, पुढच्या आयपीपी मीटिंगमध्ये कॅम्प आणि सोशल रिक्रिएशन लेखी मागा. आपणहून कुणी सांगत नाही.

रेवाकाठ | ८ ऑक्टोबर, दुपारी १२:३०

मी पुण्याहून. विशेष शिक्षिका होते, आता निवृत्त.

एक शंका विचारते, टीका समजू नये. वेगळा कॅम्प म्हणजे मुलांना पुन्हा वेगळं काढणं नाही का? आम्ही आयुष्यभर सांगत आलो की सर्वांबरोबर शिकू द्या, सर्वांबरोबर खेळू द्या. मग तोच पैसा गावातल्या नेहमीच्या कॅम्पमध्ये रॅम्प आणि मदतनीस देण्यात का घालू नये?

इथली परिस्थिती सांगायची तर असा प्रश्न लोकांपुढे येतच नाही. पुणे महापालिकेने २०१७ मध्ये पाणीपुरवठ्यासाठी २०० कोटींचे कर्जरोखे काढले, ७.५९ टक्के व्याजाने, मुंबई शेअर बाजारात नोंदले. मी तेव्हा करदाती होते, बातमी पेपरात वाचली. मत कुणी विचारलं नाही. दिव्यांगांसाठी महापालिकांनी स्वतःच्या उत्पन्नातले ५ टक्के राखून ठेवायचे असा नियम आहे, आणि तो खर्च व्हावा म्हणून संघटनांना वारंवार निवेदनं द्यावी लागतात. त्यामुळे एका कॅम्पसाठी अख्खी काउंटी मतदान करते हे मला फार मोठं वाटतं, निकाल काहीही लागो.

चाकं_आणि_रस्ता | ८ ऑक्टोबर, रात्री ८:५०

रेवाताई, तुमच्या शंकेला उत्तर देतो, कारण दोन्ही बाजू अंगावर घेतल्यात.

मी मूळचा सांगलीचा, वय ५४, पोलिओ. आता फिलाडेल्फियात. एक आधीच सांगतो, मी स्वतःला अपंग म्हणतो. दिव्यांग म्हणणाऱ्यांचा हेतू चांगला असतो, पण माझ्यात दिव्य काही नाही, मला फक्त लिफ्ट चालू असलेली इमारत हवी असते.

शाळेत मी नेहमीच्या मुलांबरोबरच शिकलो. वर्गात मी एकटा कॅलिपरवाला. सगळे चांगले वागायचे. सहलीला मात्र मला घरी ठेवायचे, 'तुला त्रास होईल' म्हणून. पंधरा-सोळा वर्षांचा असेन, कोल्हापूरला एका नातेवाइकांबरोबर हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्डमध्ये गेलो. नसीमा हुरजूक यांनी १९८४ साली सुरू केलेली संस्था. तिथे व्हीलचेअरवरची बाई टेबलामागे बसून सगळ्यांना कामं सांगत होती आणि चालती माणसं ऐकत होती! तोवर माझी कल्पना अशी की अपंग माणूस एका घरात एकच असतो आणि त्याचं बाकीच्यांनी बघायचं असतं.

अमेरिकेत याचा मोठा दाखला आहे. न्यूयॉर्क राज्यात कॅट्सकिल डोंगरात, हंटर गावाजवळ अपंग मुलांचा कॅम्प जेनेड होता. १९५१ ला सुरू झाला. तिथे उन्हाळ्यात येणाऱ्या मुलांत ज्युडिथ ह्यूमन होती. तिला लहानपणी शाळेने 'आग लागली तर धोका' म्हणून घेतलं नव्हतं. पुढे शिक्षिकेचा परवाना नाकारला तेव्हा ती न्यूयॉर्कच्या शिक्षण मंडळाविरुद्ध कोर्टात गेली आणि परवाना मिळवला. त्या कॅम्पमध्ये रात्री बसून ही पोरं काय बोलायची? घरचे किती जपतात, आपल्याला काय करू देत नाहीत, बाहेर गेल्यावर काय करायचं. वेगळं काढल्यामुळे नव्हे, पहिल्यांदा एकमेकांना भेटल्यामुळे ती बोलली.

मग १९७७ चा एप्रिल. अपंगांशी भेदभाव नको हे १९७३ च्या कायद्याच्या कलम ५०४ मध्ये लिहून झालं होतं, पण नियमांवर सही होत नव्हती. ५ एप्रिलला सॅन फ्रान्सिस्कोच्या सरकारी इमारतीत शंभराहून जास्त अपंग माणसं शिरली आणि जवळजवळ चार आठवडे तिथेच राहिली. कित्येक जण जादा व्हेंटिलेटर, कॅथेटर, औषधं घरीच ठेवून आलेले. कूस बदलायला, जेवू घालायला एकमेकांना मदत करत. ब्लॅक पँथर पक्षाचे लोक रोज गरम जेवण आणून द्यायचे. २८ एप्रिलला सही झाली. पुढे १९९० चा एडीए, म्हणजे अपंगांशी भेदभाव करायला बंदी घालणारा कायदा, त्याच पायावर उभा राहिला. ज्युडिथ त्या ठिय्यात पुढे होती, आणि कॅम्प जेनेडमधली आणखीही माणसं.

त्या ठिय्याच्याच वर्षी, १९७७ मध्ये, कॅम्प जेनेड बंद पडला. पैसा नव्हता म्हणून.

म्हणून सांगतो, रेवाताई: नेहमीच्या कॅम्पमध्येही जागा हवी, तो तर एडीएप्रमाणे हक्कच आहे. आणि ही जागाही हवी. मराठी मंडळ आहे म्हणून आपण बाकीच्या गावात मिसळत नाही असं कुणी म्हणत नाही ना?

रेवाकाठ | ९ ऑक्टोबर, सकाळी ६:४०

पटलं. चाळीस वर्षं शिकवून हे 'पहिल्यांदा भेटणं' माझ्या नजरेतून सुटलं होतं. आमच्या मुलांची डबा खातानाची कुजबुज आठवली. आम्ही शिस्तीसाठी ती थांबवायचो.

पिंपळपान | ९ ऑक्टोबर, सकाळी ११:१०

सांजवात, एक नाजूक प्रश्न. विचारू की नको असं झालं होतं. मुलगा मत कसं देणार? म्हणजे कायद्याने चालतं का? आणि तुम्हीच त्याच्या वतीने खूण केलीत तर ते तुमचं दुसरं मत होणार नाही का?

सांजवात | ९ ऑक्टोबर, रात्री १०:०५

विचारलंत ते बरं केलंत. पंधरा दिवस हाच प्रश्न मी स्वतःला विचारतेय.

कायदा स्पष्ट आहे. २०१५ मध्ये कॅलिफोर्नियात एसबी ५८९ हा कायदा झाला. त्यानुसार माणूस कॉन्झर्व्हेटरशिपखाली (कोर्टाने नेमलेल्या पालकाच्या ताब्यात) असला तरी मतदानाला सक्षम आहे असंच धरून चालायचं. मतदानात भाग घ्यायची इच्छा तो कुठल्याही मार्गाने, मदत घेऊनसुद्धा, व्यक्त करू शकत नाही, असं कोर्टाला भक्कम पुराव्याने दिसलं तरच हक्क जातो. चित्र दाखवून, नजरेने, टॅबलेटवर, कसंही सांगितलेलं चालतं. सही जमत नसेल तर खूण आणि साक्षीदार, किंवा सहीचा शिक्का. मदतीला हवा तो माणूस घेता येतो, फक्त मालक किंवा युनियनचा माणूस नको.

आम्ही कॉन्झर्व्हेटरशिप घेतलीच नाही. सपोर्टेड डिसिजन मेकिंगचा करार केलाय: निर्णय त्याचा, समजावून सांगायला आम्ही चौघं, त्याने निवडलेली.

पण तुमचा दुसरा प्रश्न जास्त खरा आहे. मला तो कॅम्प इतका हवाय की त्याला विचारताना माझा आवाजच 'हो' म्हणेल. तो माझा चेहरा वाचतो, १८ वर्षं दुसरं काय केलंय त्याने! म्हणून मी बाजूला राहायचं ठरवलंय. लेक आणि त्याची स्पीच थेरपिस्ट त्याच्याबरोबर बसणार. थेरपिस्टने पानं तयार केलीत: जुन्या केबिनचा फोटो, नव्या आराखड्याचं चित्र, घराचं चित्र आणि त्यातून बाहेर जाणारी नाणी. प्रश्न उलटसुलट दोन वेगळ्या दिवशी विचारायचे, 'हो' आणि 'नाही' च्या जागा बदलून, म्हणजे हात सवयीने पडला की विचाराने ते कळेल. ज्या प्रश्नावर उत्तर स्पष्ट नाही तो कोरा राहील. पाणी मंडळ बहुधा कोरंच राहील.

आणि तो 'नाही' म्हणाला तर 'नाही' ची खूण होईल. हे लिहिताना हात अडखळला, पण लिहिते.

कच्चीकैरी | १० ऑक्टोबर, रात्री १:२०

हॅलो सगळे. माझं मराठी लिहिणं चांगलं नाही, आई हा धागा वाचत होती, तिने मला लिंक दिली. चुका असतील तर सॉरी.

मी असाच एका कॅम्पमध्ये कौन्सेलर होते, दोन समर्स, कॉलेजमध्ये असताना. मला लोकांना सांगायचं आहे की आतमध्ये काय असतं. पहिला एक आठवडा फक्त ट्रेनिंग. होयर लिफ्ट (माणसाला खुर्चीतून उचलणारी) कशी लावायची, ट्यूबने जेवण कसं द्यायचं, सीझर (फिट) आली तर वेळ कसा मोजायचा. ज्या कॅम्परला सगळ्या गोष्टींमध्ये मदत लागते त्याला एक कौन्सेलर पूर्ण वेळ. रात्री पण.

माझ्या पहिल्या आठवड्यात एक बाई होती, वय साठ असेल. तिने आयुष्यात कधी पाण्यात पाय घातला नव्हता. तलावापर्यंत वाट मातीची, खूप खडे. आम्ही चार जणांनी तिची खुर्ची उचलून नेली. ती पूर्ण रस्ता म्हणत होती सॉरी, सॉरी, सॉरी. पाण्यात पाय गेले तेव्हा ती सॉरी म्हणायची थांबली. मला एवढंच आठवतं. नंतर तिला परत पण उचलून आणावं लागलं आणि ती परत सॉरी म्हणायला लागली. वाट पक्की असती तर ती स्वतः गेली असती, तिची खुर्ची मोटरवाली होती.

म्हणून ताईंनी लिहिलेलं 'पक्की वाट' हे वाचून मला रडायला आलं. लोकांना वाटेल वाट म्हणजे छोटी गोष्ट.

मी आता नर्सिंग शिकते आहे. त्या समरमुळे.

वाटसरू_८८ | १० ऑक्टोबर, सकाळी ८:३०

मी एच-वनबी व्हिसावर आहे, घर आहे, घरपट्टी भरतो, मत नाही. असे आपण बरेच जण आहोत. सांजवातताई, तुमच्याच काउंटीत आहे. मी काय करू शकतो? मोहिमेला पैसे देऊ का?

अंजिरी | १० ऑक्टोबर, सकाळी ९:००

वाटसरू, पैसे अजिबात देऊ नका! हे फार महत्त्वाचं आहे. परदेशी नागरिकाने बॅलट मेजरच्या (मतपत्रिकेवरच्या प्रस्तावाच्या) मोहिमेला पैसे देणं कॅलिफोर्नियाच्या कायद्यात निषिद्ध आहे. ग्रीन कार्डवाल्यांना मुभा आहे, एच-वनबीवाल्यांना नाही. बाकी बरंच करता येतं. काउंटीचा कारभार बघणाऱ्या बोर्ड ऑफ सुपरवायझर्सच्या सभेत पब्लिक कॉमेंटला कुणीही उभं राहू शकतं, नागरिकत्व विचारत नाहीत. ओळखीच्या नागरिक मित्रांना मागचं पान उलटायला सांगा. आणि उद्या कॅम्प उभा राहिला तर आठवड्याचा स्वयंसेवक व्हा.

घाटमाथा | १२ ऑक्टोबर, रात्री ९:३०

चार दिवस लिहिलं नाही. काल मुलीला घेऊन त्या पार्कात गेलो होतो. केबिन्सना कुंपण आहे, पण बाहेरून दिसतात. एका केबिनला चढायला तीन पायऱ्या आणि त्यावर नंतर कुणीतरी प्लायवुडचा रॅम्प ठोकलेला. कुजून मध्ये खचलाय. मी सिव्हिलचा माणूस. त्या रॅम्पचा चढ नजरेनेच सहाला एक वाटला, एडीएच्या नियमाप्रमाणे बाराला एक हवा. त्यावरून माणसं ढकलत नेली असतील, इतकी वर्षं.

हिशोबही केला. पुस्तिकेप्रमाणे एक लाख डॉलर मूल्यामागे वर्षाला ८ डॉलर. माझ्या ९ लाखांच्या घराला ७२. आजोबांना १२ सुद्धा नाहीत. ही विषमता मला अजूनही चुकीची वाटते आणि मी ती बोलत राहणार. पण ती प्रपोझिशन १३ ने केलेली आहे, कॅम्पच्या मुलांनी नाही. २०२४ ला प्रपोझिशन ५ आलं होतं, अशा काही बाँडची अट ५५ टक्क्यांवर आणायला. मी त्याच्या विरुद्ध मत दिलं होतं आणि ते पडलं. आजही तसंच देईन, कारण कर्ज तीस वर्षांचं असेल तर मोठ्या बहुमताने घ्यावं. मात्र मग त्या बहुमतात आपण असायचं की नाही याचं उत्तर प्रत्येक वेळी द्यावं लागतं, हे मला रॅम्पपाशी उभं असताना लक्षात आलं.

मी 'हो' ची खूण केली आहे. एक अट स्वतःलाच घातलीय. ठरावात नागरिकांच्या देखरेख समितीची तरतूद आहे. बाँड पास झाला तर मी तिच्यासाठी अर्ज करणार. कंत्राटं, ड्रॉइंग्ज, बिलं वाचायला मला येतं. ताई, चेंजिंग टेबलची उंची, दाराची रुंदी, कुणाला कुठे वळायला जागा लागते, हे मला तुमच्याकडून आणि शक्य असेल तर त्याच्याकडून शिकायचंय.

सांजवात | १२ ऑक्टोबर, रात्री ११:००

घाटमाथा, काय लिहू? या रविवारी जेवायला या, मुलीला घेऊन. वळायला किती जागा लागते ते आमच्या स्वयंपाकघरात नीट कळेल. दाराच्या चौकटीवर सगळे ओरखडे आहेत.

चाकं_आणि_रस्ता | १३ ऑक्टोबर, सकाळी ७:००

घाटमाथा, अर्ज कराच. ड्रॉइंगमध्ये बाथरूमचं दार बाहेर उघडतं का ते पाहा. आत उघडणाऱ्या दारात माझं अर्धं आयुष्य अडकलंय.

सांजवात | २१ ऑक्टोबर, रात्री ८:१५

बऱ्याच जणांनी विपूत (विचारपुशीत) विचारलं, म्हणून कळवते.

शनिवारी आणि मंगळवारी दोन्ही वेळा लेक आणि थेरपिस्ट त्याच्याबरोबर बसल्या. मी पहिल्या दिवशी मागच्या अंगणात होते, दुसऱ्या दिवशी दुकानात गेले. दोन्ही वेळी बाँडवर उत्तर एकच आलं, जागा बदलूनसुद्धा. काय आलं ते त्याचं मत आहे, मी इथे लिहिणार नाही. लेकीने एवढंच सांगितलं की नव्या केबिनच्या चित्रावर त्याने बराच वेळ हात ठेवला आणि मग माझ्या आवाजातलं 'पुरे' दाबलं. तिला वाटलं कंटाळला. तिने पानं आवरायला घेतली तर जोरात ओरडला आणि बोट जुन्या केबिनच्या फोटोवर नेऊन पुन्हा दाबलं, 'पुरे'.

एकूण सहा प्रश्नांवर खुणा झाल्या, बाकी कोरं. पाकिटावर त्याने स्वतः खूण केली, लेक साक्षीदार.

आज संध्याकाळी ग्रंथालयाबाहेरच्या ड्रॉप बॉक्सला गेलो. फट व्हीलचेअरवरून हात पोचेल अशा उंचीवर आहे. त्याचा हात ताठ होतो, पाकीट दोनदा खाली पडलं. रांगेत मागे तीन-चार जण होते, कुणी घाई केली नाही. तिसऱ्या वेळी कोपरा आत गेला, मग तळहाताने ढकललं.

आठवण म्हणून: टपालाने पाठवत असाल तर निवडणुकीच्या दिवसापर्यंतचा टपालाचा शिक्का हवा आणि पाकीट नंतरच्या सात दिवसांत पोचायला हवं. पाकिटावर सही विसरू नका.

पिंपळपान | २१ ऑक्टोबर, रात्री ८:४०

आज मी दोन्ही पानं पूर्ण भरली. आमच्याकडे ग्रंथालयाचा बाँड आहे. 'व्हेअर्स माय बॅलट' वर नोंदणी केलीत का? पाकीट स्वीकारलं की मेसेज येतो.

सांजवात | २३ ऑक्टोबर, सकाळी १०:०५

केली होती, त्याच्याच टॅबलेटच्या ईमेलवर. आत्ता नाश्त्याला बसलो असताना आला. टॅबलेट मेसेज मोठ्याने वाचतो. 'तुमची मतपत्रिका मिळाली आणि मोजली जाईल.' त्याने चार वेळा वाचायला लावलं. पोहे गार झाले.